सबनीसांची अडलेली सही

नोएडात मी पहिली पाटी लावली तेव्हा तिच्यावर नावाखाली ‘काउन्सेलिंग’ असा शब्द रंगवून घेतला होता. ती माझी पहिली चूक. नव्वदच्या दशकाचा तो मध्य होता. त्या सेक्टरात काउन्सेलिंग म्हणजे इंजिनीअरिंगचा प्रवेश, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात मुलांच्या मार्कशीटा घेऊन इतके बाप आले की मी फॉर्म विकायला ठेवायला हवे होते. “मॅडम, बच्चे को कंप्यूटर मिल जाएगा ना?” असं एकाने विचारलं. मी म्हटलं, मी मनाच्या त्रासावर बोलते. तो म्हणाला, “हां तो मन कंप्यूटर में ही है उसका.”

मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. पुण्यात मानसशास्त्र शिकले, नवऱ्याच्या नोकरीमागे दिल्लीला आले आणि सव्वीस वर्षं एकच काम केलं. माणसं त्रासाचं कारण म्हणून बॉस, सासू, परीक्षा, शेजारी यांची नावं सांगतात. ती नावं बाजूला ठेवायची आणि या माणसाने मनात काय धरून ठेवलंय ते शोधायचं. दोन माणसांना एकाच दिवशी नोकरीवरून काढलं, तर एक वाईट वाटून घेतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ज टाकतो. दुसरा अंथरूण सोडत नाही. घटना तीच, आतली समजूत वेगळी. ती समजूत कागदावर उतरवायची, तिला पुरावा मागायचा, आणि मग प्रत्यक्ष करून बघायचं की आपण म्हणतो तसं खरंच घडतं का. एवढीच आमची विद्या. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय, हे तर आमची आत्या पण सांगते. आत्या सांगते, पण पुढच्या आठवड्यात वही तपासत नाही.

मराठी पेशंटच्या बाबतीत मला एक सोय होती. मी ‘च’ शोधायचे. ‘मला यश मिळावं’ म्हणणारा माणूस माझ्याकडे येत नाही. ‘मला यश मिळायलाच पाहिजे’ म्हणणारा येतो. त्या ‘च’पाशी बोट ठेवलं की निम्मं काम होतं. हिंदीत तेच काम ‘ही’ करतो. दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांना दोन्हींचा त्रास होतो.

तर सबनीस. हे त्यांचं खरं नाव नाही. खऱ्या माणसाची हे लिहायला परवानगी आहे, आणि ती त्यांनी तारखेसह दिलेली आहे.

अच्युत सबनीस उद्योगांशी संबंधित एका मंत्रालयात अवर सचिव होते, राहायला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. कोणता कारखाना कोणतं यंत्र बाहेरून आणू शकेल, याच्या परवानग्या त्यांच्या टेबलावरून जात. मग नवं आर्थिक धोरण आलं आणि परवानग्या एकेक करून रद्द झाल्या. टेबल राहिलं, सबनीस राहिले, त्यांच्याकडे फर्निचर दुरुस्तीच्या फायली आल्या. तेव्हा निवृत्तीचं वय अठ्ठावन्न होतं. त्यांना सात महिने उरले होते.

दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात त्यांच्या पत्नी, मंगलाताई, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सुलभाताई, यांची सही होत नाहीये.”

मी घाबरले. म्हटलं, “हाताला काही झालंय का?”

“हात उत्तम आहे. परवा नारळ फोडला त्यांनी. पण कागदावर सही करायची म्हटली की पेन वर धरून बसतात.”

मग सगळं कळलं. दिल्लीतल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून नोएडात एक गृहनिर्माण संस्था काढली होती. इमारत बांधून होत आली होती. फ्लॅटच्या सोडतीत नाव यायचं तर प्रत्येक सभासदाने एक दोन पानी घोषणापत्र सही करून द्यायचं होतं. सबनीसांचं घोषणापत्र चार महिने जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. त्यावर काच ठेवली होती, आमटीचा थेंब पडू नये म्हणून. सही नाही तर सोडत नाही, सोडत नाही तर घर नाही, आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर रिकामं करावंच लागणार.

“पुण्याला जायचं तर तिथं काही नाही आमचं,” मंगलाताई म्हणाल्या. “मी काय सामान घेऊन इंडिया गेटवर बसू का?”

ओळखीच्या माणसाला पेशंट म्हणून घेऊ नये, हा आमच्या धंद्याचा नियम. शिवाय त्याच संस्थेत आमचाही फ्लॅट होता. मी त्यांना दुसरीकडे पाठवायला हवं होतं. पण सबनीस इंग्रजीत फक्त मसुदे करत आणि हिंदीत फक्त भाजी घेत. मनातलं सांगायचं तर मराठीच हवी होती, आणि मराठीत हे काम करणारी माझ्याशिवाय कुणी मला तरी माहीत नव्हती. मी हो म्हटलं. या निर्णयाबद्दल पुढे पस्तावायची वेळ आली, ती वेगळ्याच कारणाने.

सबनीस पहिल्या दिवशी चार्टर्ड बसने आले, सफारी सूटमध्ये, वेळेच्या दहा मिनिटं आधी. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मॅडम, माझी केस साधी आहे. मी काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे. मिसेसना ते आजार वाटतं.”

“सही केलीत आणि काहीतरी चूक राहिली, तर काय होईल?”

“चूक राहताच कामा नये.”

तो ‘च’ मी लगेच टिपून घेतला.

हळूहळू मूळ सापडलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी टाईप करून साहेबांच्या सहीला पाठवलेल्या एका पत्रात ‘देता येत नाही’मधला ‘नाही’ राहून गेला होता. पत्र बाहेर जायच्या आत साहेबांनी पकडलं, आणि सगळ्या सेक्शनसमोर वाचून दाखवलं. चाळीस माणसं हसली. साहेब म्हणाले, “सबनीस, तुमच्या एका शब्दाने सरकार आज अडचणीत आलं असतं.” तेव्हापासून चौतीस वर्षं सबनीस प्रत्येक कागद तीनदा वाचत. परवानग्यांच्या काळात ते खपून गेलं, कारण तिथं उशीर हाच कामाचा भाग समजला जाई. लोक त्यांना कडक आणि स्वच्छ अधिकारी म्हणत. काम आटलं तशी भीती मोकळी झाली आणि घरी आली.

मी त्यांना घरी लिहायला एक तक्ता दिला: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, त्याऐवजी काय म्हणता येईल. पुढच्या आठवड्यात ते फाईल घेऊन आले. हिरवी टॅग, डावीकडे टिपण्या, उजवीकडे पत्रव्यवहार. पहिल्या पानावर लिहिलं होतं:

‘विषय: चुकीची भीती. १. प्रस्तुत समजूत बऱ्याच काळापासून चालत आलेली आहे. २. तिच्या पुष्ट्यर्थ अभिलेखात एकच घटना आढळते. ३. सदर समजूत पुढे चालू ठेवावी किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत.’

खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

“आदेश मी द्यायचे नाहीत,” मी म्हटलं. “तुम्ही द्यायचे.”

“मॅडम, माझ्या पातळीवर एवढे अधिकार नाहीत.”

तो विनोद नव्हता. मी नुसतं ‘पाहिले’ असं लिहून सही केली. त्याशिवाय ते पुढचं पान उलटेनात.

बोलून जेवढं होतं तेवढं झालं आणि मग आम्ही प्रयोगाला आलो. अशी भीती असलेल्या माणसाला मी जाणूनबुजून, कुणाचं नुकसान न होणारी चूक करायला सांगते. जग कोसळतं का ते त्याने स्वतः बघायचं. सबनीसांचा चेहरा उतरला. पुढच्या वेळी ते तीन चुकांचे पर्याय घेऊन आले, प्रत्येकाचे फायदेतोटे लिहून. शेवटी ठरलं ते असं. संस्थेच्या कचेरीला त्यांनी पत्र लिहिलं: ‘यासोबत माझा फोटो जोडत नाही आहे.’ आणि फोटो जोडला.

आठ दिवस त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. मग पोच आली. पत्रावर ‘मिळाले’ असा शिक्का, बाकी काही नाही.

“बघा,” मी म्हटलं, “काय झालं?”

“काही नाही झालं.” त्यांनी पोच पुन्हा उलटून पाहिली. “पण मॅडम, संस्थेचा क्लार्क नवीन आहे. हा पुरावा पुरेसा नाही. मंत्रालयात असं होणार नाही.”

मला तेव्हा फार हुशार वाटलं. मी म्हटलं, “मग मंत्रालयातच करून बघा.”

त्या वेळी त्यांच्याकडे मोडक्या खुर्च्यांची एक फाईल होती. खुर्च्या दुरुस्त कराव्यात की नव्या घ्याव्यात, अशी सात परिच्छेदांची टिपणी. त्यात त्यांनी चौथा परिच्छेद घातला: ‘या परिच्छेदात काही मजकूर नाही.’ फाईल वर गेली, तीन अधिकाऱ्यांकडून फिरली. बारा दिवसांनी परत आली. सबनीस त्या टिपणीची नक्कल हातात धरून माझ्यासमोर बसले होते. पहिल्या अधिकाऱ्याने नुसती सही केली होती. दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘परिच्छेद चारशी सहमत.’ आणि सर्वांत वरच्या साहेबांनी लिहिलं होतं, ‘परिच्छेद चारमध्ये प्रस्तावित केल्याप्रमाणे मान्य.’

मी हसले. मला हसू आवरेचना, डोळ्यांतून पाणी आलं. नोएडात बसून मी एका भीतीचा मुडदा पाडला होता, आणि तोही तीन सह्यांनिशी. हसता हसता माझ्या लक्षात आलं की समोरचा माणूस हसत नाहीये.

“मॅडम,” ते म्हणाले, “मग मी चौतीस वर्षं कुणाला घाबरत होतो?”

पुस्तकात याला उत्तर होतं. ते मी दिलं. म्हटलं, तुमची समजूत चुकीची होती हे सिद्ध झालं, ही आनंदाची गोष्ट आहे. ते “बिल्कुल, बिल्कुल,” म्हणाले, फाईलची टॅग बांधली आणि गेले. जाताना दार ओढून घ्यायला विसरले. सबनीस कधी दार उघडं टाकत नसत.

त्याच आठवड्यात त्यांनी घोषणापत्रावर सही केली. मंगलाताईंनी पेढे पाठवले. सोडतीत त्यांना चौथा मजला लागला, आम्हाला सातवा. मी माझ्या वहीत ‘उत्तम सुधारणा’ असं लिहून केस बंद केली.

दोन महिन्यांनी मंगलाताई स्वतःच आल्या. पेढे नव्हते.

“सुलभाताई, तुम्ही फारच बरं केलंत त्यांना.”

“म्हणजे?”

“काहीही पुढे करा, सही करतात. वाचतसुद्धा नाहीत.”

ते दिवस कसे होते ते आठवा. रोज दारात कुणीतरी टाय लावलेलं उभं असे. सबनीसांनी दोन बँकांच्या क्रेडिट कार्डांवर, धूळ ओढणाऱ्या यंत्रावर, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर आणि डोंगरातल्या कुठल्याशा रिसॉर्टच्या सभासदत्वावर सह्या केल्या होत्या. रिसॉर्टमध्ये त्यांना दरवर्षी सात दिवस राहता येणार होतं, पुढची नव्याण्णव वर्षं.

“मी म्हटलं, अहो, वाचा तरी,” मंगलाताई म्हणाल्या. “तर म्हणतात, वाचून काय होतं, कोण वाचतं.”

केस बंद करायची घाई मला का झाली होती ते मी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. मला यश मिळायलाच हवं होतं. माझ्या पाटीकडे लोक मार्कशीट घेऊन येत होते, आणि मला एक तरी पेढ्यांचा डबा हवा होता. त्या नादात मी एवढंच पाहिलं की भीती गेली. ती जाताना त्यांचं महत्त्वही घेऊन गेली, हे मी पाहिलं नाही. सगळं जग आपली चूक पकडायला टपलंय असं मानणारा माणूस निदान जगाच्या नजरेत तरी असतो. मी त्यांना तिथून उठवलं आणि दुसरीकडे कुठं बसायचं ते सांगितलंच नाही.

मी त्यांना परत बोलावलं. ते सफारी सूट न घालता आले, हातात फाईलही नव्हती. मी आधी माफी मागितली. मग विचारलं, “आता मनात काय येतं ते सांगा. टिपणी नको.”

ते पंख्याकडे बघत म्हणाले, “कुणीच वाचत नव्हतं. म्हणजे मी काही केलंच नाही.”

“कुणीच?”

“तुम्ही पाहिलंत ना. परिच्छेद चार.”

“तुमच्याकडे जे कागद येत होते, ते कोण वाचत होतं?”

“ते मी वाचत होतो.”

“किती?”

“सगळे.” यावर ते जरा सरळ बसले. “आलेला प्रत्येक कागद मी शेवटपर्यंत वाचला आहे. एकदा एका कारखान्याच्या अर्जात पान सोळावर बॉयलरचा दाखला जुना निघाला. परत पाठवला. ते फार रागावले होते. पण तो बॉयलर बदलला त्यांनी.”

“हे कुणाच्या भीतीने केलंत?”

“ते भीतीने नाही. बॉयलर होता तो, मॅडम.”

यापुढे आम्ही दोन महिने काम केलं, आणि ते पहिल्यापेक्षा कठीण होतं. चूक झाली तर सर्वनाश नाही, आणि म्हणून सगळं निरर्थकही नाही, या दोन टोकांच्या मध्ये उभं राहायला शिकायचं होतं. वाईट वाटणं आणि कोसळून पडणं यांत फरक आहे, हे मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं. रिसॉर्टवाल्यांना त्यांनी सभासदत्व रद्द करण्याचं पत्र लिहिलं. मंगलाताई म्हणाल्या की ते पत्र त्यांनी दोनदाच वाचलं.

ते निवृत्त झाले. मसुदे चांगले करतात म्हणून संस्थेने त्यांना कार्यकारिणीत घेतलं. आणि इथून पुढे मी या गोष्टीत उपचार करणारी राहत नाही, संस्थेची नुसती एक सभासद उरते.

फ्लॅटच्या किल्ल्या मिळायला एकच कागद उरला होता. इमारतीचं काम, लिफ्टसकट, पूर्ण आणि समाधानकारक झाल्याचा. कॉन्ट्रॅक्टरने तो आणला. कार्यकारिणीतल्या चौघांनी गाडीच्या टपावर ठेवून सह्या केल्या. सबनीसांनी कागद घरी नेला, वाचला, आणि लिफ्टच्या तपासणीचा दाखला मागितला.

“साहब, फॉर्मॅलिटी है,” कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

“मग तीही पूर्ण करा,” सबनीस म्हणाले.

रविवारी सकाळी इमारतीसमोर शामियाना टाकून सभा झाली. तिथं सबनीसांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी लिहीत नाही, कारण बोलणारे आजही माझे शेजारी आहेत. परवाना राज संपलं, हे यांना कुणीतरी सांगा, असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. चाळीसपेक्षा जास्त माणसं होती. मी खाली मान घालून बसले होते. आमच्या घरमालकाने आम्हाला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती, सामान खोक्यांत भरून झालं होतं. आदल्याच दिवशी नाश्त्याच्या टेबलावर मी नवऱ्याला म्हणाले होते, “सबनीसांचा जुना आजार उलटलाय. सही होत नाहीये त्यांची.”

सभेनंतर मी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्या घरी गेले. कशासाठी गेले ते स्पष्टच सांगते. त्यांनी सही करावी म्हणून गेले.

“सबनीस साहेब, लिफ्ट चालते. सगळ्यांनी पाहिलंय.”

“मीही पाहिलं. वर जाते, खाली येते. थांबते का, त्याचा कागद मागतोय.”

“लोक काय बोलतायत ते ऐकलंत ना?”

“ऐकलं. तुमचं काय मत आहे, मॅडम?”

मी धंद्याच्या सवयीने त्यांच्याकडे बघायला लागले. चहा बशीत सांडत नव्हता. कागद टेबलावर होता, त्यावर काच नव्हती.

“भीती वाटतेय का?” मी विचारलं.

“नाही. माणसं रागावली आहेत याचं वाईट वाटतं. सभेत तर फार वाटलं. पण ते सहन होतंय.”

मी सहीचा विषय पुन्हा काढला नाही. चहा संपवून घरी आले.

सबनीसांनी आपल्या ओळखीने एका जुन्या सरकारी इंजिनीअरला बोलावलं. त्याने दुपारभर शाफ्टमध्ये उतरून पाहिलं. दोर सुटला तर लिफ्टचा पाळणा धरून ठेवणारा ब्रेक बसवलेलाच नव्हता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, माल गाझियाबादला पडून आहे, पुढच्या आठवड्यात लावणारच होतो. तो लागायला साडेतीन महिने गेले. तेवढे दिवस आम्ही घरच्या चौघांनी नणंदेच्या घरी गाझियाबादला दोन खोल्यांत काढले, आणि तिच्या तोंडून सबनीसांचं नाव रोज ऐकलं.

वास्तुशांतीच्या दिवशी संस्थेने कॉन्ट्रॅक्टरला शाल आणि श्रीफळ दिलं. सचिवांनी सगळ्यांचे आभार मानले. आभारांच्या यादीत सबनीस नव्हते. ते दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, “साहेब, एक सांगायचं होतं. मी तुमच्यामागे म्हणाले होते, तुमचा आजार उलटलाय म्हणून.”

त्यांनी पुरीचा घास संपवला. “लेखी म्हणालात का?”

“नाही. तोंडीच.”

“मग काही हरकत नाही,” ते म्हणाले, आणि वाढप्याकडून माझ्यासाठी श्रीखंड मागून घेतलं.